डमरूचा साक्षीदार

काकांनी कागदावर 'प्रकाशाचे ध्रुवण' असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. मी मराठी मंडळाच्या फळ्यावर 'ध्रुवीकरण' असं लिहिलं. 'ध्रुवण' हा शब्द मला चुकीचा वाटला, म्हणून मी तो दुरुस्त केला. 'प्रकाशाचे' हा शब्द फळ्यावर मावेना, म्हणून गाळला. त्याखालचं काकांचं वाक्य मात्र काना-मात्रेसकट इमानानं उतरवलं : 'उघड्या डोळ्यांनी पाहा. प्रात्यक्षिकासह.' निवडणुकीची आचारसंहिता लागून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

मी मंडळाचा चिटणीस झालो तो माझं शुद्धलेखन चांगलं आहे या एकाच कारणावर. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी हसलं तर मला कळेल कशाला हसलं.

काका म्हणजे माझे मकानमालक. घरमालक म्हणायला हवं, पण ग्वाल्हेरात चार पिढ्या काढलेला माणूस घराला मकान, किल्लीला चाबी आणि गच्चीला छत म्हणतो. 'चला, छतावर बसू' असं म्हटलं की पुण्याहून आलेले पाहुणे आधी वर बघतात, मग आमच्याकडे. मी सिटी सेंटरातल्या विम्याच्या ऑफिसात लागलो आणि दाना ओळी नावाच्या अरुंद गल्लीत काकांच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली किरायानं घेतली. सामान काय, एक पेटी, एक गॅस आणि आईनं हट्टानं बरोबर दिलेली खाट. ओळीतून खाट उभी धरून आणली; आडवी धरली असती तर दोन्ही बाजूंची दुकानं बंद करावी लागली असती. जिन्यापर्यंत आलो. जिन्याचा दरवाजा बुटका, त्यातून खाट आडवीच जाणार. पण ओळीत ती आडवी करायला जागा नाही. मी आणि हातगाडीवाला अर्धा तास घामाघूम. मागं दोन स्कूटरी, एक गाय आणि एक बाई अडकलेल्या.

वरून आवाज आला, "छान! हलवू नका!"

वर पाहिलं. कठड्यावरून एक लांबट चेहरा वाकडी मान करून आमच्याकडे बघत होता. मला वाटलं, मदतीला येतायत. ते आले, पण तिसऱ्या पायरीवर थांबले आणि हातगाडीवाल्याला समजावू लागले.

"देखो भैया, यही है। मोठ्या सडकेवर खाट कशीही हलते. ओळीत शिरली की फक्त उभी. पुढं आडवी फट आली की संपलं, पलीकडे काही जात नाही. प्रकाशाचं हेच. सूर्यातून निघतो तेव्हा कसाही हलतो. एका जाळीतून काढा, तो एकाच दिशेनं हलायला लागतो. दुसरी जाळी काटकोनात धरा, अंधार. याला म्हणतात ध्रुवण."

"बाबूजी," हातगाडीवाला म्हणाला, "खटिया के पाये खोल दें?"

"खोल दो," काका म्हणाले, आणि निराश होऊन वर गेले.

काका कॉलेजात भौतिकीच्या प्रयोगशाळेत डिमॉन्स्ट्रेटर होते. प्राध्यापक कधीच नव्हते, आणि हे ते स्वतः ओळख करून देतानाच सांगत, म्हणजे समोरच्याला पुढं विचारण्याची गंमत उरत नसे. निवृत्तीनंतर त्यांच्याजवळ कॉलेजची आठवण म्हणून दोनच वस्तू होत्या : सदऱ्याच्या खिशात करड्या रंगाच्या पारदर्शक दोन चकत्या, आणि वाकडी मान. चकत्या म्हणजे त्यांच्या त्या 'जाळ्या'. एकीवर एक ठेवून फिरवल्या की मधली जागा काळी होत जाई. हे ते दिवसातून दहा वेळा करत, दुसरे लोक तंबाखू मळतात तसं.

एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी आइस्क्रीमचा प्लास्टिकचा चमचा दोन चकत्यांमध्ये धरला आणि मला दाखवला. चमच्यात इंद्रधनुष्यासारखे रंग उमटले होते, दांडीपाशी सगळ्यात दाट. "जिथं रंग दाट, तिथं ताण," ते म्हणाले. मग चमचा खाली ठेवून, मान वाकडी करून, मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या वधूपित्याकडे बघून म्हणाले, "तिथं चकत्यांची गरज नाही."

माझ्या गॉगलचीही परीक्षा झाली. जयेंद्रगंजात हौसेनं घेतला होता, काडीवर 'पोलराइज्ड' असं सोनेरी अक्षरात. काकांनी तो माझ्या मोबाइलच्या पडद्यासमोर धरून गोल फिरवला. पडदा जसाच्या तसा. "खरा असता तर एका कोनात पडदा काळा झाला असता," ते म्हणाले. "हा नुसता काळा आहे. वर लेबल, आत काही नाही." मला परत दिला, आणि देताना गॉगलकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

मान मात्र उगीच वाकडी नव्हती. त्याचं कारण होतं डमरू.

संध्याकाळी सूर्य बुडायच्या बेतात असला की काका छतावर जाऊन अगदी डोक्यावरच्या आभाळाकडे बघत. त्यांचं म्हणणं असं, की तिथला प्रकाश सगळ्यात जास्त ध्रुवित असतो, आणि माणसाच्या नुसत्या डोळ्याला तो ओळखता येतो, चकती-बिकती काही लागत नाही. नजरेच्या अगदी मध्यभागी एक पिवळा डमरू दिसतो. हात लांब करून धरलेल्या दोन-तीन बोटांएवढा. फिकट. चार-पाच सेकंदांत विरतो, मग मान तिरकी केली की पुन्हा येतो. फार पूर्वी कुणा परदेशी दगडतज्ज्ञाला तो पहिल्यांदा दिसला, पुस्तकात तसं आहे. काकांना विसाव्या वर्षी दिसला. ग्वाल्हेरात तिसरा माणूस नाही.

"तिसरा नाही, दुसरा," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "तो दगडवाला ग्वाल्हेरचा कुठं होता?"

काकूंची याबाबतची साक्ष जुनी होती. "मला बघायला आले तेव्हासुद्धा मान अशी. माझ्या बाबांना वाटलं आखडलीय. आईला वाटलं मुलगा तिरळा. चहा दिला तर कपाकडेही तिरकं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, सरळ बघितलेलं नाही माझ्याकडे."

"सरळ बघितलं की विरतं," काका म्हणायचे.

यात जी जखम होती ती मला उशिरा कळली. कॉलेजात एकदा काकांनी विभागप्रमुखांना छतावर नेलं होतं. साहेबांनी पाच मिनिटं आभाळ पाहिलं, रुमालानं मान पुसली आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "आप डिमॉन्स्ट्रेटर हैं न? तो डिमॉन्स्ट्रेट कीजिए। दिखाइए।" तेवढंच तर करता येत नव्हतं. बाकी सगळं दाखवता येतं. हा डमरू ज्याचा त्यानंच बघायचा असतो. सगळी नोकरी दाखवण्याची, आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट दाखवता येत नाही. त्या दिवसापासून कॉलेजात त्यांचं नाव 'डमरूवाले' पडलं ते निवृत्तीच्या भाषणापर्यंत. भाषणातही पडलं.

तेव्हा काकांनी वही सुरू केली. साक्षीदारांची वही. रकाने आखलेले : नाव, तारीख, वेळ, दिसला की नाही, दिशा, सही. हा 'दिशा' रकाना म्हणजे त्यांची कसोटी. डमरू कोणत्या बाजूला लांबट असतो हे ते कुणालाच सांगत नसत, काकूंनासुद्धा नाही. ज्याला खरंच दिसेल तोच सांगू शकेल. पानंच्या पानं भरली होती : मुलगा, मुलगी, जावई, दूधवाला, दाताचा डॉक्टर, गॅसवाला. सगळ्यांपुढं एकच : 'दिसला नाही. दिसला नाही. दिसला नाही.' इतकी प्रामाणिक आणि इतकी निरुपयोगी वही मी दुसरी पाहिली नाही, आणि मी विम्यात आहे.

मी खोली घेतल्यापासून रोज संध्याकाळी माझी पाळी. ऑफिसातून आलो की 'चला छतावर'. मान मागं टाका, तिरकी करा, सैल सोडा, नजर ताणू नका. मला आभाळ दिसे, एखादी घार दिसे, आणि पंधरा मिनिटांनी चांदण्या दिसत, ज्या इतरांना दिसत नसत. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी खालून पोह्यांच्या फोडणीचा वास आला. दुपारी मी जेवलो नव्हतो. मान आखडली होती. काका म्हणाले, "काही?"

मी म्हणालो, "दिसला!"

माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान पुढचं वाक्य तयार ठेवावं. माझं नव्हतं. काकांनी विचारलं, "कसा?" मी म्हणालो, "पिवळा. डमरूसारखा." म्हणजे त्यांनीच तीन महिने जे सांगितलं तेच. पण काकांना ते ऐकूच गेलं नसावं. ते कठड्याला धरून उभे राहिले. मग खाली वाकून ओरडले, "अगं, दिसला! ह्याला दिसला!" काकू हातातला झारा घेऊन तीन मजले चढून वर आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि खाली जाऊन मला ताटभर पोहे पाठवले.

वहीत माझं नाव लागलं. 'दिसला.' मी सही केली, शुद्धलेखनासकट. आनंदात काका दिशा विचारायला विसरले.

तिथून पुढं माझे दिवस मजेत गेले. आठवड्यातून चार वेळा पोहे. टाकीचं पाणी आधी मला. ओळीतल्या कुणाला भेटलो की काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "हे बघा. ह्यांना दिसतो." लोक माझ्याकडे सहानुभूतीनं बघत. मी मान जरा तिरकी करून चालायला लागलो होतो हे मला ऑफिसात सांगितलं गेलं.

मग काकूंनी एक दिवस जिन्यात थांबवलं. "डॉक्टर म्हणतायत ह्यांच्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब होऊन राहिलाय. कडेचं दिसेल, मधलं जाईल. आणि ते मेलं डमरू मधोमधच असतं म्हणे." मग म्हणाल्या, "आता तू आहेस म्हणून ते शांत आहेत. म्हणतात, माझा गेला तरी गावात एकाला दिसतोय ना." 

त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर म्हणालो, "काका मंडळात व्याख्यान का देत नाहीत?" खोटं पचेना की माणूस समाजसेवा करतो.

तर फळा. आमच्या व्याख्यानांना एरवी अकरा माणसं असतात, त्यात चहावाला धरून. त्या दिवशी सत्तर. पुढच्या रांगेत एका झेंड्याचे लोक, डावीकडे दुसऱ्या झेंड्याचे, मध्ये मंडळाचे म्हातारे उशा न आणल्याचा पश्चात्ताप करत, आणि दाराशी ठाण्यातून पाठवलेला एक कॉन्स्टेबल. फळ्याचा फोटो सकाळीच गावभर व्हॉट्सॲपवर फिरला होता. काकांनी फळा पाहिलाच नव्हता, ते मागच्या दारानं आले. सभागृह बघून मला म्हणाले, "ग्वाल्हेरला प्रकाशाची एवढी भूक असेल असं वाटलं नव्हतं हो."

श्रोते बरेचसे हिंदीवाले बघून ते हिंदीतच सुरू झाले. "ध्रुवण हम सब के ऊपर रोज़ होता है, पर किसीको दिखता नहीं।"

टाळ्या.

पुढच्या रांगेतला पांढरा कुर्ता उठला. "पहले ये बताइए, करवा कौन रहा है?"

"हवा," काका म्हणाले.

डावीकडून आवाज, "हवा किसकी है?"

"हवा किसीकी नहीं होती।"

या वाक्यावर दोन्ही बाजूंनी एकदम आक्षेप आला. कुर्तेवाला म्हणाला, हवा स्पष्ट आहे. डावीकडचे म्हणाले, हवा बदललीय. काका मान वाकडी करून दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्यांनी इतका रस घेतला नव्हता. "सबसे ज़्यादा कहाँ होता है, बताऊँ?" त्यांनी बोट वर केलं. "ऊपर! ठीक ऊपर!"

"बिलकुल!" डावीकडचे उभे राहिले. "ऊपर से ही हो रहा है!"

खुर्च्या सरकू लागल्या. कॉन्स्टेबल पुढं आला. मी मंचावर जाऊन फळ्याचा खुलासा केला, म्हणजे 'प्रकाशाचे' हा शब्द तोंडी जोडला. ज्यांना समजलं ते चिडले, ज्यांना समजलं नाही ते आधीच चिडलेले होते. काका माझ्याकडे वळून हळू आवाजात एवढंच म्हणाले, "ध्रुवीकरण मतांचं होतं. प्रकाशाचं ध्रुवण. मी लिहून दिलं होतं ना तुम्हाला?" मग सभेला म्हणाले, "प्रात्यक्षिक छतावर आहे. सूर्य थांबणार नाही. ज्यांना यायचंय त्यांनी या."

आले बरेच. इतक्या लांब आलोच आहोत तर काहीतरी बघून जावं हा ग्वाल्हेरचा स्वभाव. उत्तरेला किल्ला लाल झालेला, पश्चिमेला सूर्य नुकताच टेकलेला, आणि मंडळाच्या छतावर पन्नास माणसं माना वाकड्या करून उभी. दोन्ही झेंडे प्रथमच एका दिशेला बघत होते. पाच मिनिटांनी कुर्तेवाला म्हणाला, "कुछ नहीं है, अंकलजी। वहम है आपका।"

हा शब्द काकांनी आधीही ऐकला असणार. ते म्हणाले, "साक्षीदार आहे." झोळीतून वही काढली, माझं पान उघडलं, मला दंडाला धरून मध्ये उभं केलं. "ये देखिए। दिखा है। दस्तख़त है।" आणि पान डोळ्यांच्या कडेला नेऊन वाचता वाचता थांबले. "अरे, दिशा राहिलीच की." पेनचं टोपण काढलं. चेहरा उजळलेला. "सांगा. सगळ्यांना सांगा. डमरू कुठं तोंड करून होता?"

पन्नास माना माझ्याकडे वळल्या. मी विचार केला, किल्ल्याच्या पायथ्याशी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या माणसानं करावा तसा. आमच्याकडे जे काही मोठं, महत्त्वाचं असतं त्याचं तोंड कुठं असतं?

"किल्ल्याकडे," मी म्हणालो.

काकांचं पेन कागदावर टेकलं होतं ते तसंच राहिलं. त्यांनी मान सरळ केली. त्यांची मान सरळ झालेली मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ते माझ्याकडे बघत होते. मग खाली बघून त्यांनी सावकाश लिहिलं : 'किल्ल्याकडे.' साक्षीदार बोलेल ते लिहायचं हा त्यांचा नियम होता. नंतर आधीच्या रकान्यावर गेले, आणि माझ्या 'दिसला'पुढं, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात, 'नाही' असं जोडलं.

कठड्याशी उभा असलेला कॉन्स्टेबल तेवढ्यात म्हणाला, "बाबूजी, जे पीलो-पीलो सो का है?"

तो भांडणावर लक्ष ठेवायला वर आला होता. भांडण होईना म्हणून कंटाळून, टोपी काखेत धरून, मान टाकून उभा होता.

"कहाँ?" काका.

"बीच में। जितै देखो, उतै। लो, गयो।" त्यानं मान तिरकी केली. "लो, फिर आ गयो।"

काका वही घेऊन त्याच्याजवळ गेले. "लंबा किधर को है? सोच के बोलना भैया।"

कॉन्स्टेबलनं सोचलं नाही. जिथं सूर्य बुडत होता तिकडे हात केला. "उतै। सूरज की तरफ़।"

काका मटकन पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. मग उठले, आणि सगळ्या छताला ऐकू जाईल असं, मराठीत, हिंदीत आणि पुन्हा मराठीत ओरडले, "सूर्याकडे! सूरज की तरफ़! सूर्याकडेच असतो!" कुर्तेवाल्यानं टाळी वाजवली, का ते त्यालाही माहीत नसावं. कॉन्स्टेबलनं वहीत सही केली आणि विचारलं, "रिपोर्ट में का लिख दऊँ?"

"लिखो, ध्रुवण हुआ, शांतिपूर्वक," काका म्हणाले. माझ्याकडे न बघता पुढं म्हणाले, "ध्रुवीकरण मत लिखना."

मला त्यांनी खोलीतून काढलं नाही. फक्त पोहे थांबले, आणि ओळीत ओळख करून देताना ते म्हणू लागले, "हे वर राहतात."

कॉन्स्टेबल मात्र ड्यूटी संपली की कधीतरी यायचा. दोघं छतावर बसायचे. पुढं काकांना मधलं दिसेनासं झालं, तेव्हा तो वर बघून सांगायचा आणि काका ऐकायचे. "आयो?" "आयो।" मी जिन्यात बसून ऐकत असे. काका गेल्या वर्षी गेले. ती वही काकूंनी त्यालाच दिली.

पण ते जायच्या आधीच्या हिवाळ्यात एक गोष्ट झाली. मी छतावर वाळलेले कपडे काढायला गेलो होतो. चादर ओढायला मान मागं टाकली, आणि निळ्या आभाळात, अगदी मधोमध, एक पिवळट डाग. डमरू. मान कलवली, तो फिरला. विरला. पुन्हा कलवली, पुन्हा आला. लांबट, थेट सूर्याकडे. चादर तिथंच टाकून मी तीन-तीन पायऱ्या एकदम उतरत खाली आलो. काका आरामखुर्चीत होते. आता ते सगळ्यांकडे खरोखरच तिरकं बघत, कारण कडेचंच उरलं होतं.

"काका, दिसला! खरंच दिसला!"

त्यांनी मला डोळ्याच्या कोपऱ्यात घेतलं. "दिशा?"

"सूर्याकडे!"

"ते मीच ओरडून सांगितलं होतं," काका म्हणाले. "पन्नास माणसांसमोर."

"काका, आईची शपथ. आत्ता दिसला. मी कपडे काढत होतो, आणि..."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "पोहे हवे असतील तर तसं सांग ना रे. डोळे कशाला मध्ये आणतोस?"